क्रमांक तोच, अर्थ वाढता : मराठी शब्दबंधाची वाटचाल

‘कन्नड’ हा शब्द संगणकापुढे ठेवला तर त्याने काय समजायचे? धुळे-सोलापूर महामार्गावरचे, गौताळा अभयारण्यालगतचे तालुक्याचे गाव, की कर्नाटकाची भाषा? तिथल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. ‘कन्नडला अद्रकाचा भाव काय निघाला?’ असे कुणी विचारले, तर त्यात भाषा कुठून येणार? संगणकाला मात्र दोन्हीकडची अक्षरे सारखीच दिसतात. म्हणून त्याच्यासाठी या दोन अर्थांना दोन वेगळे क्रमांक द्यावे लागतात आणि प्रत्येकाची नातीगोती लिहून ठेवावी लागतात. हे गाव आहे, ते अमुक जिल्ह्यात आहे. ती भाषा आहे, ती द्रविड कुळातली आहे. नात्यांसकट मांडलेल्या संकल्पनांच्या अशा रचनेला संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात.

रचना एकदा मांडली की काम संपत नाही. शब्दांचे अर्थ सरकतात, नवे शब्द येतात, जिल्ह्यांची नावे बदलतात, जाणकार जुनी चूक दाखवून देतात. रचना बदलावीच लागते. पण तिच्या आधारावर इतरांनी उभ्या केलेल्या गोष्टी त्या बदलाने कोसळता कामा नयेत. मराठीसाठी हे काम पवईच्या आयआयटी मुंबईत होत आले आहे. त्याचे नाव ‘मराठी शब्दबंध’, म्हणजे मराठीचे वर्डनेट. त्याची वाटचाल मराठी वाचकाला माहीत असायला हवी, कारण आपल्या भाषेचा अर्थ यंत्रापर्यंत पोचवणारा हा एक पायाभूत प्रकल्प आहे.

पवईतली सुरुवात

या कामाची मुळे १९९६ च्या सुमारास सापडतात. टोकियोतल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने ‘युनिव्हर्सल नेटवर्किंग लँग्वेज’ हा प्रकल्प हाती घेतला होता. कोणत्याही भाषेतले वाक्य आधी एका मधल्या अर्थभाषेत उतरवायचे आणि तिथून हव्या त्या भाषेत न्यायचे, अशी ती कल्पना. हिंदीची बाजू आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली. मधली अर्थभाषा उभी करायची तर आधी शब्दांचे अर्थ वेगळे करून, क्रमांक लावून ठेवावे लागतात, हे त्या कामात ठळकपणे पुढे आले.

२००० साली केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अनुदानातून संगणकशास्त्र विभागात ‘सेंटर फॉर इंडियन लँग्वेज टेक्नॉलॉजी’ हे केंद्र उभे राहिले. संगणकाचे अभियंते आणि भाषेचे अभ्यासक तिथे एकत्र काम करू लागले. कोशकाराचा कान आणि प्रोग्रामरची शिस्त, दोन्हींची गरज होती.

नमुना समोर होता. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये इंग्रजीचे वर्डनेट सुरू केले होते. नेहमीचा कोश शब्दांना अक्षरांच्या क्रमाने लावतो. मिलरने त्यांना अर्थाच्या क्रमाने लावले. एकच अर्थ सांगणारे शब्द एका संचात ठेवायचे, त्या संचाला ‘सिनसेट’ म्हणायचे आणि संचासंचांमधली नाती नोंदवायची. पवईत आधी हिंदीचे ‘शब्दतंत्र’ आकाराला आले. जानेवारी २००२ मध्ये जगातली पहिली वर्डनेट परिषद म्हैसूरला भरली, तिथे त्याचा अनुभव मांडला गेला. २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या परिषदेत हिंदी आणि मराठी एकमेकींना कशा जोडता येतात, यावर पवईच्या चमूचा निबंध होता. मराठी शब्दबंधाची जगाशी ओळख तिथे झाली.

एक सिनसेट कसा घडतो

प्रत्येक नोंदीला पाच अंगे असतात : क्रमांक, शब्दाची जात, संकल्पनेची व्याख्या, वापराचे उदाहरण आणि समानार्थी शब्द. शब्द निवडताना तीन कसोट्या लावतात. संकल्पना नेमकी ओळखू येईल इतके किमान शब्द आलेच पाहिजेत. त्या अर्थाने बोलले जाणारे शक्य तेवढे शब्द सामावले पाहिजेत. आणि उदाहरणवाक्यात एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवला तरी अर्थ टिकला पाहिजे.

कन्नड-खुलताबाद भागातले पीक घ्या. तिथला शेतकरी ‘अद्रक’ म्हणतो, पुण्याकडची गृहिणी ‘आले’ म्हणते. वाक्यात एकाऐवजी दुसरे ठेवले तरी अर्थ हलत नाही, म्हणून दोन्ही एका संचात. सुंठ त्याच कंदाची, पण वाळलेली. चहात किसून घालायला सुंठ मागणार नाही कुणी. म्हणून सुंठीचा संच वेगळा, क्रमांक वेगळा, आणि दोहोंमध्ये नाते. ‘हा याचा प्रकार’, ‘हा त्याचा भाग’, ‘हे त्याच्या उलट’ अशा नात्यांनी संच एकमेकांना बांधले जातात, आणि प्रत्येक संच वरच्या एका मोठ्या वर्गवारीत कुठेतरी बसतो.

हिंदीचे बोट धरून

मराठीसाठी सगळे मुळापासून रचण्याऐवजी विस्ताराची पद्धत निवडली गेली. पडद्याच्या डाव्या बाजूला हिंदीचा संच आणि व्याख्या. उजव्या बाजूला त्याच संकल्पनेचे मराठी शब्द, मराठी व्याख्या आणि मराठी उदाहरण भरायचे. क्रमांक हिंदीचाच कायम. दोन भाषा जवळच्या, म्हणून काम वेगाने झाले. संचांमधली नातीही बऱ्याच अंशी हिंदीकडून तयार मिळाली.

हिंदीतला ‘कल’ दोन वेगळ्या संकल्पनांमध्ये बसतो. मराठीत त्यातल्या एका क्रमांकावर ‘काल’ आला, दुसऱ्यावर ‘उद्या’. हिंदी वाक्यातल्या ‘कल’चा क्रमांक एकदा नक्की झाला की मराठी शब्द आपोआप नक्की होतो. क्रमांकाची ताकद इथे कळते.

या पद्धतीचा धोकाही खरा होता. हिंदीत जी संकल्पना नोंदलेली नाही ती मराठीतही सुटणार. ‘माहेरवाशीण’ किंवा ‘वारी’ यांना हिंदीच्या यादीतून वाट कशी मिळेल? म्हणून पुढे संकल्पनांचे गट पाडण्यात आले : सर्व भाषांत आढळणाऱ्या, सर्व भारतीय भाषांत आढळणाऱ्या, एका भाषाकुळातल्या, एकाच भाषेच्या स्वतःच्या, विरळ वापराच्या, आणि शब्द जोडून घडवाव्या लागणाऱ्या. प्रत्येक भाषेला स्वतःच्या संकल्पना नोंदवायची जागा मिळाली. इंग्रजीशी जोडतानाही असाच विचार करावा लागला. इंग्रजीत ‘अंकल’ एकच. आपल्याकडे काका, मामा वेगळे. अशा वेळी थेट बरोबरी दाखवता येत नाही; ‘मामा हा अंकलचा एक प्रकार’ असे नाते नोंदवावे लागते.

अठरा भाषा, एक क्रमांक

२०१० हे या वाटचालीतले मोठे वर्ष. ३१ जानेवारीपासून पाचवी जागतिक वर्डनेट परिषद मुंबईत भरली, आयआयटीच्या यजमानपदाखाली. त्याच वर्षी माल्टातल्या परिषदेत ‘इंडोवर्डनेट’ची रीतसर मांडणी झाली. ईशान्येच्या चार भाषा, दक्षिणेच्या चार आणि गोवा विद्यापीठाच्या समन्वयाखालच्या ‘इंद्रधनुष’ गटातल्या कोंकणी, गुजराती, बंगाली, उर्दू, पंजाबी, ओडिया, काश्मिरी अशा सात. पवईच्या हिंदी, मराठी, संस्कृत धरून एकूण अठरा भाषा एका क्रमव्यवस्थेत आल्या. गोव्यातल्या चमूने त्यासाठी सामाईक डेटाबेस आणि तो वापरण्याची साधने घडवली. मराठीचे संच तीस हजारांच्या आसपास पोचले, हिंदीचे चाळीस हजारांच्या.

त्याचा उपयोगही झाला. पर्यटन आणि आरोग्य या दोन विषयांतला मजकूर घेऊन त्यातल्या एकेका शब्दावर माणसांनी अर्थाचा क्रमांक टाकला : हिंदीत, मराठीत आणि इंग्रजीत. शब्दाचा नेमका अर्थ ओळखायला यंत्र अशाच मजकुरावरून शिकते. २००९ मध्ये पवईच्या संशोधकांनी दाखवले की हिंदीच्या मजकुरातून शिकलेले बरेचसे ज्ञान मराठीकडे वळवता येते, कारण दोन्ही भाषा एकाच क्रमांकाने बांधलेल्या आहेत. मोठ्या बहिणीकडे मजकूर जास्त, धाकटीकडे कमी; सामाईक क्रमांकामुळे धाकटीचे काम अडले नाही. २०१८ मध्ये ‘पायआयडब्ल्यूएन’ हे साधन आले आणि पायथॉन शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला चार ओळींत शब्दबंधातला संच मागवणे शक्य झाले.

आवृत्त्यांचा पेच

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मजकुरातल्या हजारो शब्दांवर क्रमांक टाकून झाले, आणि उद्या ते क्रमांकच बदलले तर?

हा केवळ तर्क नाही; इंग्रजीच्या बाबतीत हे घडले. प्रिन्स्टनच्या वर्डनेटमध्ये संचाची ओळख म्हणून आठ अंकी आकडा वापरला जाई. तो आकडा म्हणजे त्या संचाची माहिती फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होते, ती जागा. संगणकाला माहिती झटपट शोधायला हे सोयीचे होते. पण फाइलच्या आरंभी एखादा शब्द जरी वाढवला, तरी त्यापुढच्या प्रत्येक संचाची जागा सरकणार आणि आकडा बदलणार. अर्थ तसाच, व्याख्या तशीच, ओळख मात्र वेगळी.

१.५, १.६, १.७, २.०, २.१, ३.० अशा आवृत्त्या येत गेल्या. १९९६ मध्ये सुरू झालेले युरोवर्डनेट १.५ वर बेतलेले होते. नंतरच्या बाल्कन भाषांच्या प्रकल्पाने २.० धरली. एकाच इंग्रजी संकल्पनेला जोडलेले दोन शब्द, एक डच आणि एक ग्रीक, एकमेकांना भेटेनात, कारण दोघांचे इंग्रजी क्रमांक दोन आवृत्त्यांतले. अखेर बार्सिलोनाच्या संशोधकांनी एका आवृत्तीतला कोणता संच दुसरीत कुठे गेला याचे तक्ते तयार केले. ते तक्ते पुढे अनेकांना उपयोगी पडले. पण तो सारा खटाटोप आधी न पाळलेल्या शिस्तीची भरपाई होता.

त्याच सुमारास टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अर्थाच्या वेबची, सिमँटिक वेबची, कल्पना मांडली होती. पाने पानांना जोडलेली आहेतच. आता संकल्पना संकल्पनांना जोडायच्या, आणि प्रत्येक संकल्पनेला वेबवर कायमचा पत्ता द्यायचा. २००४ मध्ये ऑन्टॉलॉजी लिहिण्याची ‘आउल’ ही भाषा प्रमाण ठरली. ‘ही कोणती आवृत्ती, हिच्या आधीची कोणती, ही तिच्याशी सुसंगत की विसंगत, हा वर्ग आता वापरू नये’ हे सांगणारे शब्द तिच्यात पहिल्यापासून होते. २००९ च्या ‘आउल २’ मध्ये प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र पत्ता देण्याची सोय झाली. २००६ मध्ये वर्डनेट या नव्या रूपात मांडताना संकल्पनेच्या पत्त्यातच ‘डब्ल्यूएन२०’ ही खूण घातली गेली, म्हणजे आपण कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहोत याविषयी शंका उरू नये.

२०१६ मध्ये जगातल्या वर्डनेटवाल्यांनी मिळून सामाईक क्रमांकसूची उभी केली. एकदा दिलेला क्रमांक कधीही पुसायचा नाही, हा तिचा कणा आहे. संकल्पना चुकीची ठरली तर तिला ‘आता वापरू नये’ असा शिक्का मारायचा आणि तिच्या जागी कोणती घ्यायची ते लिहायचे.

फेरफाराची नोंद

ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. जमिनीचा गट फुटला की १४ चे १४/१ आणि १४/२ होतात. सातबारा नव्याने लिहिला जातो, पण का, केव्हा, कशाच्या आधारे, हे गाव नमुना सहामध्ये फेरफार म्हणून क्रमांकासह उरते. पन्नास वर्षांनी वाद निघाला तरी माग काढता येतो. संकल्पनांच्या रचनेलाही असेच दप्तर लागते.

शब्दबंधासारख्या रचनेतले सगळे बदल मात्र सारखे नसतात. व्याख्येतली शुद्धलेखनाची चूक सुधारली, तर कुणाचे काही बिघडत नाही. संचात एक शब्द वाढला तरी जुना मजकूर सुरक्षित राहतो. नाते बदलले, म्हणजे संच एका वर्गातून दुसऱ्यात हलवला, तर वर्गांवर अवलंबून असणाऱ्या हिशेबांना झळ लागते. दोन संच एकत्र केले तर एक क्रमांक ठेवून दुसऱ्यावरून त्याच्याकडे वाट दाखवावी लागते. सगळ्यांत अवघड म्हणजे संच फोडणे.

समजा, कुणी ‘पाभर’ आणि ‘तिफण’ एकाच संचात ठेवले : बी पेरायचे अवजार. जाणकाराने सांगितले, तिफण तीन फणांचीच; पाभरीला फण चारही असतात. म्हणजे तिफण हा पाभरीचा प्रकार. संच फोडला. आता जुन्या क्रमांकाने खूण केलेल्या मजकुरातल्या ‘तिफण’चे काय? जुना क्रमांक पाभरीकडे ठेवला तर तो मजकूर चुकीचा ठरत नाही, फक्त थोडा ढोबळ राहतो, कारण तिफण ही पाभरच आहे. तोच क्रमांक तिफणीला दिला असता तर ‘पाभर’ म्हणून खूण केलेली वाक्ये खोटी पडली असती. म्हणून फोड करताना जुना क्रमांक व्यापक अर्थाला द्यावा, नेमक्या अर्थाला नवा द्यावा, आणि कारण लिहून ठेवावे. अर्थ व्यापक-नेमके नसून अगदी वेगळेच निघाले, तर जुना क्रमांक निवृत्त करून दोन नवे द्यावेत. आणि निवृत्त क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्याला देऊ नये.

इंडोवर्डनेटमध्ये या जबाबदारीला आणखी धार आहे, कारण मधोमध हिंदी आहे. हिंदीच्या व्याख्येत अर्थ बदलणारा फेर झाला, तर त्याच क्रमांकावर बसलेल्या मराठी, कोंकणी, बोडो शब्दांचाही अर्थ नकळत बदलतो. एका ठिकाणचा फेरफार सतरा ठिकाणी कळवावा लागतो. कळवण्याची ही यंत्रणा शब्द गोळा करण्याइतकीच मोलाची आहे.

एका तालुक्याचे चार बदल

हे सारे किती रोजचे आहे ते कन्नड तालुक्याच्या नोंदींवरून पाहता येते. तालुका आधी हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गाव जागेवरच होते, ‘कोणत्या राज्यात’ हे नाते बदलले. म्हणून नात्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा जोडल्या पाहिजेत.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. ‘औरंगाबाद जिल्हा’ हे नाव तेच राहिले, पण त्याखालचा प्रदेश आटला. १९७१ आणि १९९१ च्या जनगणनेतले या नावासमोरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारा विद्यार्थी फसतो, कारण नाव एक आणि वस्तू दोन. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला. इथे उलट, प्रदेश तोच, नाव नवे. आणि जनगणनेच्या यादीत २००१ साली या जिल्ह्याचा महाराष्ट्रातला क्रमांक १९ होता, तर २०११ साली देशभर सलग क्रमांक दिल्यामुळे तो ५१५ झाला. नाव तेच, प्रदेश तोच, क्रमांक बदललेला. गावाजवळून जाणारा महामार्गसुद्धा २११ चा ५२ झाला.

प्रत्येक बदलाची जात निराळी आहे आणि प्रत्येकाला वेगळी नोंद लागते. वस्तू बदलली तर नवी ओळख हवी. नुसते नाव बदलले तर ओळख जुनीच ठेवून नावाची तारीख नोंदवायची. क्रमांक बदलला तर जुन्या-नव्याचा तक्ता द्यायचा. हे भान नसेल तर पीकविम्याची यादी, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जनगणनेचा तक्ता एकाच गावाला तीन गावे समजू शकतात. जनगणनेआधी ठरावीक तारखेला प्रशासकीय सीमा गोठवतात ते याचसाठी; २०११ च्या गणनेसाठी ती तारीख ३१ डिसेंबर २००९ होती. आवृत्ती जाहीर करण्याची ही सरकारी रीतच म्हणायची.

पुढची वाट

मराठीला आवृत्त्यांची परंपरा आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये सुधारून पुन्हा निघाला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे भाग १९३२ पासून निघाले आणि पुढे त्याला पुरवणीही जोडली गेली. छापील ग्रंथाचा एक गुण असा की नवी आवृत्ती आली तरी जुनी कपाटात राहते. संगणकावर जुन्या फाइलीवर नवी फाइल चढवली की जुनी नाहीशी होते. म्हणून जे काम कपाट आपसूक करत होते, ते आता आपल्याला जाणीवपूर्वक करावे लागणार आहे.

आज मोठमोठी भाषायंत्रे कोट्यवधी वाक्ये वाचून मराठी लिहू लागली आहेत. मग शब्दबंधाची गरज संपली का? मला तसे वाटत नाही. यंत्राने ‘तिफण’चा अर्थ बरोबर लावला की नाही, हे तपासायला माणसांनी पडताळून लिहिलेली व्याख्या हवीच. ज्या शब्दांचा लिखित मजकूर थोडा आहे, त्यांच्या बाबतीत तर तीच एक कसोटी उरते. आणि असे शब्द पुण्या-मुंबईच्या छापील पानांत कमी, तालुक्याच्या बोलण्यात जास्त आहेत.

पंचवीस वर्षांत पवईने आणि तिच्याबरोबरच्या विद्यापीठांनी पाया घातला. त्यासाठी मराठी समाजाने त्यांचे ऋणी असले पाहिजे. आता पुढचे काम वाटून घ्यायला हवे. तालुक्या-तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि संगणक विभागांनी मिळून शेती, पाणी, जनावरे, बाजार यांतले शब्द व्याख्या-उदाहरणांसह गोळा करावेत. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर काय वाढले, काय फुटले, काय निवृत्त झाले याची यादी मराठीत प्रसिद्ध व्हावी. जुन्या आवृत्त्या कायम उपलब्ध राहाव्यात. शब्द गोळा करणाऱ्यांचा सत्कार होतो; फेरफार लिहिणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नसते. पण रचना टिकते ती त्याच्यामुळे. भाषेसाठी अनुदान देणाऱ्यांनी या कामासाठी कायमचे पद, त्याला साजेसा पगार आणि निदान दहा वर्षांचा सलग अवधी दिला, तर मराठीचा हा अर्थसंचय पुढच्या पिढीला वाढवता येईल, आणि वाढवताना आधीचे काही गमवावे लागणार नाही.